डॉक्टर ऐकतात, कॉम्प्युटर लिहितो

हल्ली जी.पी.कडे किंवा हॉस्पिटलात गेलं की कधी कधी डॉक्टर विचारतात, "आपलं बोलणं कॉम्प्युटरने टिपून घेतलं तर चालेल का?" आपल्यातले बरेच जण "यस, यस" म्हणून मोकळे होतात. हे नक्की काय आहे, ते आधी समजून घेऊ.

तुम्ही डॉक्टरांशी बोलता तेव्हा मायक्रोफोन ऐकतो आणि ए.आय., म्हणजे कृत्रिम बुद्धिमत्ता, त्यातून तुमच्या केसपेपरची नोंद तयार करते. डॉक्टरांना टाइप करत बसावं लागत नाही, ते तुमच्याकडे बघून बोलतात. ग्रेट ऑर्मंड स्ट्रीट हॉस्पिटलच्या पुढाकाराने लंडनमध्ये याची चाचणी झाली, तेव्हा हा फायदा दिसला. ड्यूटी संपल्यावर तासभर कागद भरत बसलेल्या कुठल्याही नर्सला त्याचं मोल कळेल.

पण हे यंत्र ऐकलेलं जसंच्या तसं उतरवत नाही, स्वतः वाक्यं रचतं. २०२४ मध्ये अमेरिकेतल्या संशोधकांनी व्हिस्पर नावाची प्रणाली तपासली. सुमारे १ टक्का ध्वनिमुद्रणांत कोणीच न बोललेला मजकूर सापडला. ज्यांच्या बोलण्यात मोठे विराम येतात, वाचा गेलेले पेशंट वगैरे, त्यांच्या बाबतीत हे जास्त घडलं. आपण म्हातारी माणसं शब्द शोधत, थांबत थांबतच बोलतो की!

कागदपत्रांचा सारांश करणारं ए.आय.ही असतं. २०२५ मध्ये लंडनच्या एका पेशंटला मधुमेहींच्या डोळे-तपासणीचं बोलावणं आलं. त्याला मधुमेह नव्हताच. सारांशात तो घुसला होता, शिवाय अस्तित्वात नसलेल्या हॉस्पिटलचा पत्ताही. कर्मचाऱ्याच्या ते लक्षात आलं होतं, पण गडबडीत जुनीच प्रत सेव्ह झाली. मला यातलं हेच जास्त काळजीचं वाटतं. वॉर्डात इन्सुलिनचा डोस दोघी नर्स तपासत, आणि दुसरीने खरंच बघायचं असे, नुसती सही नाही.

सरकार गप्प बसलेलं नाही. फेब्रुवारी २०२५ च्या सरकारी पुस्तिकेत सर्व खात्यांसाठी १० तत्त्वं दिली आहेत. योग्य टप्प्यावर माणसाचं नियंत्रण हवं, हे त्यातलं एक. एप्रिलमध्ये एन.एच.एस. इंग्लंडने या ऐकणाऱ्या यंत्रांसाठी मार्गदर्शन काढलं: सुरक्षिततेची आणि खासगीपणाची तपासणी आधी करा, पेशंटला सांगा, नोंद डॉक्टरांनी वाचूनच ठेवा. तरी जूनमध्ये, नियमांत न बसणारी यंत्रं वापरू नका, असं पुन्हा बजावावं लागलं.

आता आपलं. किप्पूरचा उपवास, मलिदा हे शब्द यंत्राला कुठून कळणार? "किप्पूरला गोळ्या घेतल्या नाहीत" याचं "गोळ्या बंद केल्या" होऊ नये. म्हणून "चोवीस तासांहून जास्त, अन्नपाणी काही नाही" असं फोडून सांगा. औषधाचं नाव पाठ नसेल तर डबी दाखवा. ॲलर्जी दोनदा सांगा.

निघण्याआधी, "काय लिहिलंत ते वाचून दाखवाल का?" असं विचारा. यात उद्धटपणा नाही. यंत्र नको असेल तर तसं सांगा. इंग्रजी अवघड जात असेल तर अपॉइंटमेंट घेतानाच दुभाषा मागा. पुढे नातवाकडून एन.एच.एस. ॲपमध्ये नोंद बघून घ्या. चूक दिसली तर सर्जरीला लेखी कळवा. दुरुस्ती मागण्याचा हक्क कायद्याने आहे. पत्राची एक प्रत औषधांच्या यादीबरोबर जपून ठेवा.