कुडाची भिंत आणि बँकेचा सर्व्हर
(रेडिओवरील भाषणाचा संपादित भाग)

१ ऑक्टोबर २००७, सोमवार. सकाळी साडेदहाला रत्नागिरीहून काकांचा फोन आला. "अरे, तुमच्या त्या लिंकला काय झालंय? मी साडेनऊपासून रांगेत उभा आहे. पेन्शन मिळणार आहे, की जाऊ घरी?"

काका निवृत्त शिक्षक. शाखेच्या खिडकीवर 'लिंक नाही' अशी पाटी लावलेली. त्यांना काय सांगणार? लिंक चांगली धडधाकट होती. अडलं होतं ते माझ्यासमोरच्या कपाटाएवढ्या सर्व्हरमध्ये. मी तेव्हा एका बँकेच्या मुंबईतल्या संगणक विभागात होतो आणि त्या सर्व्हरची वाटणी माझ्याच हातची होती.

वाटणी हा शब्द मी मुद्दामच वापरतो आहे. कोकणातल्या माणसाला तो समजावून सांगावा लागत नाही. एका छपराखाली तीन भाऊ, तीन चुली. माजघर एकाला, पडवी दुसऱ्याला, विहीर मात्र सामाईक. मोठ्या सर्व्हरचंही असंच करतात. त्यातले प्रोसेसर, मेमरी आणि डिस्ककडे, नेटवर्ककडे जाणारी कार्डं वाटून द्यायची. प्रत्येक वाटेकरी मग स्वतंत्र संगणकासारखा वागतो. त्याची ऑपरेटिंग सिस्टीम वेगळी, त्याचं नाव वेगळं. एकाची सिस्टीम कोसळली तरी शेजारचा आपलं काम करत राहतो. याला 'व्हर्च्युअल पार्टिशन' म्हणतात.

हे करायचं कशासाठी? प्रत्येक कामाला वेगळं यंत्र घेतलं, तर त्यातली बरीचशी दिवसभर रिकामी बसतात आणि किंमत मात्र पुरी मोजावी लागते. ही युक्ती नवी नाही. आयबीएमने १९७२ साली व्हीएम/३७० बाजारात आणलं, तेव्हापासून एका मोठ्या यंत्रात अनेक यंत्रं नांदताहेत. २००४ साली आलेल्या त्यांच्या पॉवर५ सर्व्हरमध्ये तर एका प्रोसेसरचा दहावा हिस्सासुद्धा वाटणीत देता येऊ लागला. आमच्या पोटहिश्श्यांची आठवण व्हावी असाच प्रकार!

आमच्याकडे होती ती एचपीची पद्धत. तिच्यात भिंती दोन प्रकारच्या. पहिली जांभ्याची. यंत्राचे मूळ विद्युत-भागच वेगळे काढायचे, म्हणजे एका भागात बिघाड झाला तरी दुसऱ्याला सहसा झळ लागत नाही. दुसरी कुडाची, म्हणजे 'व्हीपार'. यंत्र सुरू झालं की आधी एक छोटा मॉनिटर प्रोग्राम जागा होतो आणि कोणाच्या वाट्याला काय आहे ते पाहून प्रत्येकाला आपापल्या जागी बसवतो. हे वाटणीपत्र प्रत्येक विभागाच्या डिस्कवर असतं; प्रत्येक भावाच्या पेटीत एकेक प्रत असावी तसं. कूड हलवायला सोपा, पण एक लक्षात ठेवायचं. मॉनिटरच पुन्हा सुरू करायची वेळ आली तर सगळ्याच चुली विझवाव्या लागतात.

आमचे विभाग तीन. एकात शाखांचे रोजचे व्यवहार, दुसऱ्यात अहवाल, तिसऱ्यात नव्या प्रोग्रामची चाचणी. प्रोसेसर १६ होते. ते ८, ४ आणि ४ असे दिले. मेमरी ६४ जीबी, ती ३२, १६ आणि १६. हिशेब इतका सुबक जमला की मी खूश होतो. शिल्लक शून्य. चूक झाली ती इथेच.

सप्टेंबरअखेरीला सहामाही व्याजाची आकारणी असायची. रविवारी रात्री सुरू झालेलं काम पहाटे पाचपर्यंत संपायला हवं होतं. पाच वाजता पाहिलं, तर अजून निम्मंही झालेलं नव्हतं. मी चाचणी विभागातले दोन प्रोसेसर काढून व्यवहाराच्या विभागाला दिले. काही प्रोसेसर विभागाला कायमचे बांधलेले असतात, ते चालू यंत्रात हलत नाहीत. काही मोकळे असतात, त्यांना एका आदेशासरशी दुसरीकडे नेता येतं. मोकळे दोघे गेले. कामाचा वेग तसूभरही वाढला नाही.

प्रोसेसर आठाचे दहा झाले होते आणि त्यातले बरेचसे हात बांधून बसले होते. कमी पडत होती ती मेमरी. ती अपुरी पडली की सिस्टीम थोडा मजकूर डिस्कवर ठेवते, लागला की परत आणते. चार पायल्या भात कांडायचं आणि उखळ मात्र वाटीएवढं. कांडणारे वाढवून काय होणार? मी आधी आकडे नीट वाचायला हवे होते. प्रोसेसर किती व्यग्र आहेत आणि डिस्कवर ये-जा किती चालली आहे, हे दोन्ही पडद्यावर दिसत होतं. मी पहिलाच पाहिला, तोही घाईत.

शेजारी, चाचणी विभागात, १६ जीबी मेमरी जवळपास रिकामी पडून होती. पण आमच्याकडच्या आवृत्तीत मेमरी चालू यंत्रात हलवता येत नसे. देणारा आणि घेणारा, दोन्ही विभाग बंद करायला हवेत. चाचणी विभाग बंद करायला कोणाची हरकत नव्हती. व्यवहाराचा बंद केला तर व्याजाची आकारणी पहिल्यापासून. साडेपाचला आम्ही ठरवलं, थांबायचं. काम अकरा वाजता संपलं. शाखा साडेअकराला सुरू झाल्या. तोवर काकांसारखी किती माणसं खिडक्यांपुढे उभी होती, हे मोजायची माझी हिंमत झाली नाही.

पुढच्या रविवारी नवी वाटणी केली. चाचणीकडची ८ जीबी काढली. त्यातली ४ व्यवहाराला दिली आणि ४ कोणालाच दिली नाही. वरिष्ठांनी विचारलं, "ही पडून का?" म्हटलं, "साहेब, वेळ आली तर निदान एकच विभाग बंद करावा लागेल." त्यांना ते फारसं पटलं नाही, पण सही केली. बँकेत पडून राहिलेली वस्तू कोणालाच आवडत नाही!

आणखी एक गैरसमज अजूनही भेटतो. मूळ काम एका विभागात आणि त्याची राखीव प्रत दुसऱ्या विभागात ठेवली की लोक निर्धास्त होतात. दोन्ही विभाग एकाच खोलीतल्या एकाच यंत्रात असतात, हे ते विसरतात. २२ जुलै २०२१ रोजी वाशिष्ठीचं पाणी चिपळुणात शिरलं, तेव्हा कोणती खोली कोणत्या भावाची हे त्याने विचारलं नाही. प्रत दुसऱ्या गावात हवी.

आमच्या त्या सर्व्हरचे दिवस आता सरले. त्याच घराण्यातल्या पुढच्या यंत्रांमधल्या इटेनियम प्रोसेसरची विक्री २०२१ साली थांबली. आता असले विभाग साध्या सर्व्हरवरही होतात, भाड्याच्या क्लाउडवर तर काही मिनिटांत, आणि मेमरीही अनेकदा चालू यंत्रात वाढवता येते. त्यामुळे वाटण्या फार सढळ हाताने होतात. प्रत्यक्षात आहे त्याहून जास्त मेमरी कागदोपत्री वाटून टाकायचीही सोय आहे. सगळ्यांनी एकदम मागितली की पुन्हा तेच, डिस्कवर ये-जा.

काकांच्या पासबुकात व्याजाची नोंद त्या दिवशी दुपारी बाराच्या सुमाराला उमटली. संध्याकाळी त्यांनी पुन्हा फोन केला. "मेमरी कमी पडली म्हणतोस? अरे, मग आधी मोजून नाही का घ्यायची?" गणिताचे शिक्षक होते ते.