उलटी पोहणारी निळी गोगलगाय

‘गोगलगाय आणि पोटात पाय’ ही म्हण मी वर्गात वर्षानुवर्षे समजावून देत आलो आहे. दिसायला गरीब, आतून कावेबाज, असा तिचा अर्थ. मौज अशी की, प्राणिशास्त्रज्ञांनीही गोगलगायीच्या सबंध वर्गाला ग्रीकमधून जवळजवळ हेच नाव दिले आहे: गॅस्ट्रोपोड, म्हणजे पोट हाच पाय! आणि म्हणीचा लाक्षणिक अर्थही खरा करून दाखवणारी एक गोगलगाय समुद्रात आहे.

तिचे नाव ग्लॉकस अटलांटिकस. कॅप्टन कुकच्या दुसऱ्या सफरीत गेलेल्या जॉर्ज फॉर्स्टरने १७७७ साली तिचे वर्णन केले. पाठीवर शंख नाही. लांबी फार तर तीन सेंटिमीटर. दोन्ही अंगांना पंख्यासारखी पसरलेली निळी बोटे. ही बया हवा गिळून पोटात बुडबुडा धरते आणि पाण्याच्या पृष्ठाला पाय चिकटवून उताणी तरंगते. निळे पोट आभाळाकडे असल्याने वरून पक्ष्याला ती पाण्यात दिसत नाही. रुपेरी पाठ खाली असल्याने माशाला ती उजेडात दिसत नाही.

तिचे आवडते खाणे म्हणजे ‘पोर्तुगीज मॅन ऑफ वॉर’. पावसाळ्यात जुहू-गिरगावच्या चौपाटीवर जे निळे फुगे वाहून येतात, तेच हे. त्यांच्या लांबलचक दोऱ्यांत विषारी सुयांच्या सूक्ष्म पेशी असतात. ऑगस्ट २०१८ मध्ये कित्येक मुंबईकरांनी त्यांचा प्रसाद चाखला. आपली गोगलगाय हे दोरे खुशाल खाते. न उडालेल्या सुया मात्र ती पचवत नाही. त्या अंगातून थेट बोटांच्या टोकांशी जातात आणि तिथे साठून राहतात. स्वतःची एकही सुई नाही, सारे शस्त्रागार उसने! पण साठा इतका दाट की, तिचा डंख मूळ मालकापेक्षाही जबर बसू शकतो.

प्रत्येक गोगलगाय नरही असते आणि मादीही. अंडी ती माळेसारखी घालते, पुष्कळदा नुकत्याच फस्त केलेल्या भक्ष्याच्या अवशेषांवरच. घरसंसाराची ही काटकसर थोडी अंगावर येते खरी.

डिसेंबर २०२३ मध्ये वादळानंतर चेन्नईच्या बेझंट नगर किनाऱ्यावर ह्या निळ्या गोगलगायी वाहून आल्या होत्या. असले निळे रत्न वाळूत दिसले, तर मुलांना जरूर दाखवा, पण लांबूनच. ती मेल्यावरही तिच्या बोटांतल्या सुया उडतात.