बाहुलीतील पांढरी चमक

तान्ह्या मुलाच्या डोळ्याची काळी बाहुली एखाद्या वेळी पांढरी चमकते, हे पुष्कळदा आईच्याच प्रथम ध्यानात येते. कधी कधी त्यामागे रेटिनोब्लास्टोमा, म्हणजे दृष्टिपटलाचा कर्करोग असतो. वेळीच उपचार झाले तर बहुतेक मुले वाचतात. परंतु आईबापांचा एक प्रश्न उरतोच : धाकट्या भावंडाचे काय?

टोरांटोच्या बालरुग्णालयात या मुलांवर उपचार करणाऱ्या नेत्रतज्ज्ञ डॉ. ब्रेंडा गॅली हाच प्रश्न घेऊन प्रयोगशाळेत गेल्या. एका जनुकाच्या दोन्ही प्रती बिघडल्या म्हणजे हा रोग उद्भवतो आणि आनुवंशिक प्रकारात पहिला बिघाड उपजतच असतो, असा तर्क आल्फ्रेड नड्सन यांनी १९७१ साली मांडला होता. १९८३ साली ज्या संशोधकांनी त्याला गुणसूत्रांचा पुरावा दिला, त्यांत गॅली होत्या.

पुढे तो जनुक सापडला. पण त्यातील चूक बहुधा घराण्यागणिक निराळी. जाड ग्रंथातले एक चुकलेले अक्षर हुडकावे, तसे हे चिकाटीचे काम गॅलींच्या प्रयोगशाळेने केले. पूर्वी रुग्णाच्या भावंडांना पुनःपुन्हा भूल देऊन त्यांचे डोळे तपासावे लागत. निरोगी मुलांनाही त्यातून सुटका नव्हती. आता घराण्यातील चूक एकदा कळली की थोड्याशा रक्तावरून निर्णय होतो. ज्याच्यात ती नाही, त्याची भूल कायमची टळते. ज्याच्यात आहे, त्याच्यावर जन्मापासून नजर राहते. किंबहुना त्याही आधी : गर्भातच निदान करून प्रसूती थोडी लवकर घडवून आणल्यास दृष्टी अधिक वाचते, असे गॅली व त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१६ साली दाखवून दिले.