न मानवणारा चष्मा आणि ग्राहकाचा हक्क

नवा चष्मा घालून जिना उतरताना पायरी खाली-वर भासते, वाचताना ओळी सरकतात, सायंकाळी कपाळ ठणकू लागते. ही तक्रार घेऊन दुकानात गेल्यास बहुधा ठरलेले उत्तर मिळते, "आठ दिवस वापरा, सवय होईल." आठवडा उलटल्यावर उत्तर बदलते. भिंगे तुमच्याच नंबरची घडविली आहेत, ती अन्य कोणास चालणार नाहीत, सबब पैसे परत देता येणार नाहीत, असे सांगण्यात येते.

ही दोन्ही उत्तरे अर्धी खरी आहेत. उरलेल्या अर्ध्या भागात ग्राहकाचा हक्क दडलेला आहे.

प्रथम सवयीविषयी. नंबर लक्षणीय बदलला असेल, सिलिंडरचा नंबर प्रथमच लागला असेल किंवा दूर-जवळ दोन्हींसाठी प्रोग्रेसिव्ह भिंगे घेतली असतील, तर मेंदूला नव्या प्रतिमेशी जुळवून घेण्यास काही दिवस, क्वचित दोन आठवडे लागतात. मात्र एकाच डोळ्याने अंधुक दिसत असेल, एका वस्तूच्या दोन प्रतिमा दिसत असतील किंवा जुन्या चष्म्यातून दिसणारी अक्षरे नव्यातून दिसत नसतील, तर तो सवयीचा प्रश्न नव्हे. अशा वेळी वाट पाहण्यात हशील नाही.

चूक नेमकी कोठे झाली?

चष्मा न मानवण्याची कारणे स्थूलमानाने तीन ठिकाणी आढळतात. तपासणीत, भिंगे बनविण्यात आणि ती फ्रेममध्ये बसविण्यात. पैसे कोणाकडे मागावयाचे हे या उत्तरावर अवलंबून असल्याने तक्रारीपूर्वी त्याचा छडा लावणे आवश्यक ठरते.

भिंगांचा नंबर चिठ्ठीप्रमाणे आहे किंवा नाही, हे लेन्सोमीटर या उपकरणावर काही मिनिटांत समजते. हे उपकरण चष्म्याच्या बहुतेक दुकानांत आणि नेत्ररुग्णालयांत असते. कमी व मध्यम नंबरच्या साध्या भिंगात सुमारे ०.१२ डायॉप्टरचा फरक निर्मितीच्या मर्यादेत मानला जातो. त्याहून अधिक फरक आढळल्यास तो दोष होय. सिलिंडरच्या भिंगात अक्षाची दिशाही तितकीच महत्त्वाची असते. २ डायॉप्टरच्या सिलिंडरचे भिंग केवळ १० अंशांनी फिरवून बसविले गेले, तर सुमारे ०.७० डायॉप्टरचा नवाच दोष निर्माण होतो. म्हणजे कागदावर नंबर बरोबर, भिंगही त्याच नंबरचे, आणि तरीही दृष्टी धूसर.

तिसरे कारण सर्वांत दुर्लक्षित आहे. डोळ्यांच्या बाहुल्यांमधील अंतर मोजून भिंगांचे प्रकाशीय केंद्र बरोबर त्यांच्यासमोर आणावे लागते. उणे ६ नंबरच्या भिंगाचे केंद्र ४ मिलिमीटरने सरकले, तर ते भिंग २.४ डायॉप्टरच्या लोलकासारखे वागू लागते आणि डोळ्यांच्या स्नायूंवर ताण येतो. हे सरकणे उभ्या दिशेने असेल, तर त्रास अधिक जाणवतो. प्रोग्रेसिव्ह भिंगात बाहुलीची उंची त्याच फ्रेमवर, ती चेहऱ्यावर नीट बसवून मोजावी लागते. घाईच्या दुकानांत हे माप अंदाजाने घेतले जाते आणि पुढे तोच अंदाज "सवय नसल्याच्या" नावाखाली ग्राहकाच्या माथी मारला जातो.

राहिली तपासणी. यंत्रावर मिळणारा आकडा हा तपासणीचा आरंभ असतो; अक्षरे वाचावयास लावून त्याची खातरजमा करणे अपेक्षित असते. दोन तपासण्यांत पाव डायॉप्टरचा फरक येणे स्वाभाविक आहे, कारण तपासणीचा मोठा भाग रुग्णाच्या उत्तरांवर विसंबून असतो. मधुमेहात रक्तातील साखर वर-खाली होत असताना नंबरही बदलतो. मोतीबिंदू वाढत असताना आणि त्याच्या शस्त्रक्रियेनंतरचे पहिले काही आठवडेही नंबर स्थिर नसतो. अशा काळात घेतलेल्या चष्म्याचा दोष केवळ दुकानदारावर ठेवता येणार नाही. परंतु तपासणाऱ्याने या बाबी विचारल्या होत्या काय, हा प्रश्न ग्राहक निश्चितच उपस्थित करू शकतो.

कायदा काय सांगतो?

केवळ पसंत पडली नाही म्हणून कोणतीही वस्तू परत करण्याचा सरसकट हक्क भारतातील कायद्याने दिलेला नाही. फ्रेमचा रंग चेहऱ्याला शोभत नाही, या कारणाने दुकानदार पैसे देण्यास बांधील नसतो. वस्तू सदोष असेल किंवा सेवेत त्रुटी असेल, तर मात्र चित्र पालटते.

१९८६ च्या कायद्याची जागा घेणारा ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ हा जुलै २०२० पासून अंमलात आला. त्यातील कलम २ (४७) मध्ये अनुचित व्यापारी प्रथांची व्याख्या देण्यात आली आहे. सदोष वस्तू परत घेण्यास अथवा तिचे मूल्य परत करण्यास, पावतीवर नमूद केलेल्या मुदतीत आणि अशी मुदत नमूद नसल्यास ३० दिवसांत, नकार देणे ही त्यांपैकी एक प्रथा होय. पावती न देणे हीदेखील अनुचित प्रथाच आहे. "विकलेला माल परत घेतला जाणार नाही" ही ओळ पावत्यांवर सर्रास छापलेली आढळते. परंतु सदोष वस्तूबाबत कायद्याने दिलेला हक्क अशा छापील ओळीने हिरावून घेता येत नाही.

चष्मा हा मागणीबरहुकूम बनविलेला असतो, हा दुकानदाराचा युक्तिवाद येथे तपासून पाहिला पाहिजे. शिंप्याने मापाबाहेर शिवलेला सदराही दुसऱ्या कोणाच्या अंगाला येत नाही. पण म्हणून त्याची भरपाई गिऱ्हाइकाने करावी, असे कोणी म्हणणार नाही. वस्तू मागणीनुसार बनविली, याचाच अर्थ ती मागणीप्रमाणे असली पाहिजे. भिंगे चिठ्ठीनुसार आणि योग्य मापाने बसविलेली असतील, तर दुकानदाराची बाजू भक्कम आहे. तशी नसतील, तर ती विकली जाण्याजोगी उरली नाहीत, हे नुकसान त्याचे आहे.

तपासणी बाहेरच्या नेत्रतज्ज्ञांनी केली असेल आणि दुकानाने चिठ्ठीबरहुकूम चष्मा दिला असेल, तर प्रथम त्याच नेत्रतज्ज्ञांकडे फेरतपासणीसाठी जावे. शुल्क घेऊन दिलेली वैद्यकीय सेवा ग्राहक कायद्याच्या कक्षेत येते, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने १९९५ मध्ये इंडियन मेडिकल असोसिएशन विरुद्ध व्ही. पी. शांता या खटल्यात दिला होता. तथापि निष्काळजीपणा सिद्ध करणे हे भिंगाचा नंबर मोजण्याइतके सोपे नसते. दुकानातच "मोफत" तपासणी झाली असेल, तर गोष्ट वेगळी. ती तपासणी त्या विक्रीचाच भाग असते आणि तिची किंमत चष्म्याच्या किमतीत धरलेली असते, असे ग्राहकास म्हणता येते.

तक्रार कशी करावी?

पावती, नंबरची चिठ्ठी आणि दुकानातील नोंदीची प्रत जपून ठेवावी. अन्य ठिकाणी लेन्सोमीटरवर भिंगे तपासून त्यांचे आकडे शक्य तर सही-शिक्क्यासह कागदावर घ्यावेत. त्यानंतर दुकानास लेखी तक्रार देऊन पोच घ्यावी आणि उत्तरासाठी १५ दिवसांसारखी वाजवी मुदत द्यावी. तक्रारीत भावनांपेक्षा आकडे असावेत. चिठ्ठीत अमुक, भिंगात तमुक, एवढे दोन रकाने पुष्कळदा पुरेसे होतात.

एक खबरदारी येथे विशेषत्वाने सांगावीशी वाटते. "चष्मा ठेवून जा, बघतो" असे सांगितले गेल्यास लेखी पोचीशिवाय तो देऊ नये. चष्मा हाच मुख्य पुरावा असतो, आणि भिंगे बदलली गेल्यावर जुन्या भिंगांत काय होते हे कोणासच सांगता येत नाही.

बहुतेक प्रकरणांत दुकानदार भिंगे विनामूल्य बदलून देण्यास राजी होतो. तो प्रस्ताव रास्त असल्यास नाकारण्याचे कारण नाही. मात्र माप पुन्हा घेतले जाईल आणि तरीही त्रास राहिल्यास रक्कम परत मिळेल, हे लिहून घ्यावे. प्रोग्रेसिव्ह भिंगे काही जणांना निर्दोष असूनही मानवत नाहीत. अशांसाठी साधी अथवा बायफोकल भिंगे बदलून देण्याची सवलत काही भिंगनिर्माते व दुकाने देतात. खरेदीपूर्वीच तिची चौकशी करून पावतीवर नोंद करून घेणे श्रेयस्कर.

दुकानाने दाद न दिल्यास १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदविता येते. मराठीसह १७ भाषांत ही सेवा उपलब्ध असल्याने इंदूर, बडोदे वा हैदराबाद येथील मराठी ग्राहकांनाही आपल्या भाषेत बोलता येते. हेल्पलाइन समेट घडवून आणते, निवाडा देत नाही. त्यासाठी जिल्हा ग्राहक आयोगाकडे जावे लागते.

आयोगाकडील तक्रार घटना घडल्यापासून दोन वर्षांच्या आत करावी लागते. खरेदी ५ लाख रुपयांपर्यंतची असल्यास शुल्क नाही, आणि वकील नेमण्याचे बंधन नाही. २०१९ च्या कायद्याने ग्राहकास आपण राहतो किंवा काम करतो त्या जिल्ह्यात तक्रार करण्याची मुभा दिली; मुंबईत चष्मा घेऊन भोपाळला परतलेल्या व्यक्तीला त्यासाठी पुन्हा मुंबई गाठावी लागत नाही. जानेवारी २०२५ मध्ये सुरू झालेल्या ई-जागृती संकेतस्थळावरून घरबसल्या तक्रार दाखल करता येते. दोष तपासणीवाचून ठरत नसेल, तर आयोग वस्तू प्रयोगशाळेकडे पाठवू शकतो. दोष सिद्ध झाल्यास वस्तू बदलून देण्याचा, किंमत व्याजासह परत करण्याचा आणि नुकसानभरपाईचा आदेश देण्याचे अधिकार आयोगास आहेत. निकालासाठी कायद्याने तीन महिन्यांची, वस्तूची तपासणी आवश्यक असल्यास पाच महिन्यांची मुदत आखून दिली आहे; प्रत्यक्षात अधिक काळ लागतो, हे गृहीत धरूनच पाऊल उचलावे.

इंटरनेटवरून घेतलेल्या चष्म्यांना २०२० चे ई-वाणिज्य नियमही लागू होतात. सदोष किंवा कबूल केल्याप्रमाणे नसलेला माल परत घेण्यास विक्रेत्याला नकार देता येत नाही. तक्रार निवारण अधिकाऱ्याने ४८ तासांत पोच द्यावी आणि एका महिन्यात तक्रारीचा निपटारा करावा, असे बंधन आहे. मात्र नंबर किंवा बाहुल्यांमधील अंतर ग्राहकानेच चुकीचे भरले असेल, तर हे नियम त्याच्या मदतीस येणार नाहीत.

चष्मा लहान मुलाचा असेल, तर पैशांचा वाद मिटेपर्यंत थांबू नये. साधारण सात-आठ वर्षे वयापर्यंत दृष्टी घडत असते, आणि या काळात एका डोळ्यास सतत अंधुक दिसत राहिले, तर तो डोळा कायमचा मंद होऊ शकतो. त्या चष्म्याची पावती व भिंगांची तपासणी कागदावर घ्यावी, मुलास योग्य चष्मा तत्काळ करून द्यावा आणि त्या दुसऱ्या चष्म्याचा खर्चही तक्रारीत मागावा.