टक्के, जीव आणि गुण: फोनवरच्या हाणामारीचा हिशेब

कर्जत-खालापूर पट्ट्यात कबड्डीचा गुणफलक कसा वाचायचा हे कुणाला शिकवावं लागत नाही. हिवाळ्यात गावोगाव प्रकाशझोतात सामने होतात आणि कडेला बसलेली आजीसुद्धा ‘सहा जण आहेत, बोनस आहे, घे!’ असं चढाईपटूला ओरडून सांगते. तिचाच नातू खोपोली लोकलमध्ये मोबाइलवर ‘ब्रॉलहाला’ खेळत असतो, तेव्हा मात्र शेजारच्याला दिसते ती चार चित्रांची नुसती धुमश्चक्री. कोण पुढे आहे, कोण मागे, काही कळत नाही. आणि खरं सांगायचं तर खेळणाऱ्यांपैकीही बऱ्याच जणांना ते नीट ठाऊक नसतं.

या जातीच्या गेमला प्लॅटफॉर्म फायटर म्हणतात. हा प्रकार रुजवला तो ‘सुपर स्मॅश ब्रदर्स’ने. मासाहिरो साकुराई यांनी जपानच्या एचएएल लॅबोरेटरीत तो घडवला आणि जानेवारी १९९९ मध्ये निन्तेंदो ६४ वर तो आला. त्याआधीचे मारामारीचे गेम बहुतेक दोघांचे असत. समोरासमोर उभं राहायचं, वर दोन पट्ट्या, ज्याची पट्टी आधी संपेल तो हरला. साकुराईंनी पट्टी काढून टाकली, हवेत तरंगते कट्टे ठेवले आणि चौघांना एकदम आत सोडलं. ‘ब्रॉलहाला’ याच घराण्यातला. तो २०१७ मध्ये पूर्ण स्वरूपात आला, २०२० पासून मोबाइलवर आहे आणि फुकट आहे, म्हणून आपल्याकडे बहुतेकांची ओळख त्याच्यापासूनच होते.

‘दीडशे टक्के झाले, म्हणजे मेलाच तो’

नाही. ‘स्मॅश’मध्ये खेळाडूच्या नावाखाली जो टक्क्यांचा आकडा वाढत जातो, तो उरलेला जीव दाखवत नाही. फटका बसल्यावर खेळाडू किती लांब उडेल, हे तो आकडा सांगतो. टक्के जितके जास्त, तितका तोच फटका माणसाला दूर फेकतो. त्यात वजनही धरलेलं असतं. बाउझरसारखा जडशीळ गडी ज्या फटक्याने थोडा सरकतो, त्याच फटक्याने हलकीफुलकी जिगलीपफ पडद्याबाहेर जाते. ‘ब्रॉलहाला’त आकडा दिसत नाही. तिथे खेळाडूच्या चित्रामागचा रंग पांढऱ्यापासून पिवळा, नारिंगी, लाल असा गडद होत जातो.

बाद होणं ठरतं ते फक्त सीमेवर. चौकटीच्या चारही बाजूंना न दिसणारी रेषा असते. ती ओलांडली की गेला. त्यामुळे दीडशे टक्क्यांचा खेळाडू कट्ट्याची कड धरून परत वर येऊ शकतो आणि शून्य टक्क्यांचा खेळाडू चुकीची उडी मारून स्वतःच खाली जाऊ शकतो. कुणी हात लावला नसताना अंतिम रेषेबाहेर पाय पडलेला बचावपटू बाद होतो, तसंच हे.

‘ज्याने जास्त पाडले तो जिंकला’

सगळ्यात जास्त भांडणं याच समजुतीवरून होतात, आणि उत्तर एका वाक्यात देता येत नाही. डाव कोणत्या पद्धतीने लावलाय, हे आधी विचारावं लागतं. आपल्याकडच्या माणसाला हे समजावणं सोपं आहे, कारण आपल्या कबड्डीचेच पूर्वीपासून तीन प्रकार सांगितले जातात: संजीवनी, गामिनी आणि अमर.

अमरमध्ये बाद झालेला खेळाडू मैदान सोडत नाही. समोरच्यांना गुण मिळतो, खेळ चालू राहतो आणि वेळ संपली की गुण मोजतात. ‘स्मॅश’चा वेळेचा डाव म्हणजे जवळजवळ हेच. पाडलेला खेळाडू लगेच परत येतो. एकाला पाडलं की अधिक एक, स्वतः पडलात की उणे एक. याच मालिकेतल्या २००१ च्या ‘मेली’त मुळात लावून दिलेला डाव दोन मिनिटांचा होता, तो याच पद्धतीचा. आता हिशेब करा. एकाने तिघांना पाडलं आणि स्वतः तीनदा पडला, त्याचे गुण शून्य. दुसऱ्याने एकालाच पाडलं आणि तो एकदाही पडला नाही, त्याचा एक गुण. आरडाओरडा पहिल्याच्या नावाने होतो, पण पुढे असतो दुसरा.

गामिनीत बाद झालेला बाहेर जातो आणि अख्खा संघ गारद होईपर्यंत आत येत नाही. ‘स्मॅश’ आणि ‘ब्रॉलहाला’तल्या जिवांच्या डावाची धाटणी तीच. प्रत्येकाला ठरावीक जीव मिळतात, ‘ब्रॉलहाला’च्या क्रमवारीच्या एकास-एक लढतीत ते तीन असतात. संपले की कायमचे संपले. शेवटी जो उरेल तो विजेता. इथे किती पाडले याला काडीची किंमत नाही. चौघांच्या डावात एकालाही न पाडता, बाकीचे तिघे एकमेकांना संपवेपर्यंत तग धरून कुणी जिंकला, तर तो नियमाने जिंकला. वेळेच्या डावात जो गर्दीत घुसतो, तोच जिवांच्या डावात शहाणा असेल तर कडेला राहतो.

उरली संजीवनी. आजची स्पर्धात्मक कबड्डी तीच. समोरचा एक बाद केला की आपला एक आत येतो, आणि डावपेचांची खरी मजा या जोडणीत आहे. गुण आणि आत असलेली माणसं ही दोन वेगळी खाती आहेत. बोनसने गुण मिळतो, पण कुणी जिवंत होत नाही. तिघे किंवा कमी उरले असताना केलेल्या अव्वल पकडीचे दोन गुण मिळतात, पण आत येतो एकच. लोण चढवला, म्हणजे समोरचा अख्खा संघ बाद केला, तर दोन जादा गुण मिळतात, पण त्यात समोरचे सातही जण पुन्हा आत येतात. म्हणून आघाडीवरचा संघ कधीकधी शेवटच्या गड्याला बाद करायची घाई करत नाही.

प्लॅटफॉर्म फायटरमध्ये अशी परतफेड नाही. समोरच्याला पाडल्याने तुमचा गेलेला जीव परत येत नाही. ‘स्मॅश’च्या जोडीच्या डावात जीव संपलेला खेळाडू जोडीदाराच्या शिल्लक जिवांतला एक मागून घेऊ शकतो, पण ते उसनं. जोडीच्या खात्यात काही वाढत नाही. दोन खाती मात्र इथेही असतात: टक्के आणि जीव. एक जीव मागे असूनही समोरच्याला शंभर टक्क्यांवर नेऊन ठेवलेला खेळाडू वाटतो तितका मागे नसतो.

‘मारलं मी आणि गुण त्याला, गेमच गंडलेला आहे’

गंडलेला नाही. खेळाडू सीमेबाहेर गेला की गुण शेवटचा फटका मारणाऱ्याच्या नावावर जातो. तुम्ही घाम गाळून शंभर टक्के चढवलेत आणि तिसऱ्याने येऊन एक टोला दिला, तर गुण त्याचा. राग येतोच. पण चौघांच्या डावात दोघांच्या झुंजीपासून जरा लांब राहून, लाल झालेल्याला शेवटी टिपणं हे कसबच मानतात. कबड्डीत घोटा एक जण धरतो, साखळी दुसरे करतात आणि गुण संघाला मिळतो, म्हणून तिथे हा वाद उभा राहत नाही.

‘पैसे टाकले की जिंकता येतं’

‘ब्रॉलहाला’त पैशाने पोशाख आणि नवे लढवय्ये मिळतात. पोशाखाने फटक्याची ताकद वाढत नाही आणि लढवय्ये खेळून कमावलेल्या सोन्यावरही घेता येतात. पैसे लावून जिंकायच्या गेमशी याची गल्लत करू नये. २०२५ च्या ऑनलाइन गेमिंग कायद्यानेही पैशाचे गेम आणि ई-स्पोर्ट्स वेगळे धरले आहेत.

‘पळणारा भित्रा असतो’

कबड्डीतही पूर्वी आघाडीवरचा संघ रिकाम्या चढाया करत वेळ काढायचा आणि प्रेक्षक शिव्या घालायचे. त्यावर इलाज नियमाने झाला. दोन रिकाम्या चढायांनंतरच्या तिसऱ्या चढाईत गुण आणला नाही तर चढाईपटूच बाद. तेव्हापासून तिसऱ्या चढाईला कुणाला पाठवायचं, हा स्वतंत्र डावपेच झाला.

‘स्मॅश’मध्ये अशी सक्ती गेमच्या आत नाही. स्पर्धांत वेळ संपल्यावर जीव सारखे असतील तर ज्याचे टक्के कमी तो जिंकतो, त्यामुळे आघाडीवरच्याला अंगावर धावून जायचं कारणच उरत नाही. याच मालिकेतल्या २००८ च्या ‘ब्रॉल’मध्ये मेटा नाइट हा गडी कट्ट्याची कड सोडत-धरत, कुणाच्या हाती न लागता वेळ काढू शकत असे. आयोजकांना शेवटी कड किती वेळा धरायची यावरच मर्यादा घालावी लागली. वेळ संपताना ती मर्यादा ओलांडलेली असेल, तर टक्के कमी असले तरी पराभव त्याच्याच नावावर.