टेप लावल्याशिवाय झाड कळत नाही

कोकणात आमच्या घरामागे डोंगराचा एक तुकडा आहे. आजोबांनी त्यावर साग लावला होता. काही वर्षांपूर्वी लाकडाचा एक व्यापारी आला. बांधावर उभे राहून त्याने झाडांवरून नजर फिरवली आणि एक आकडा सांगितला. थोरल्या चाचांनी सौदा उक्ता करून टाकला. कोणी टेप लावली नाही, कोणी झाडे मोजली नाहीत. मिळालेली रक्कम योग्य होती की कमी, हे आम्हाला आजही सांगता येत नाही. फसवणूक झाली असे म्हणायलाही माप लागते आणि तेच आमच्याकडे नव्हते.

मागच्या सुट्टीत आमची पुतणी घरी आली. ती दापोलीला वनशास्त्र शिकते. दुसऱ्याच दिवशी टेप आणि वही घेऊन ती डोंगरावर गेली. चाचाही मागोमाग गेले. ‘हे शिकायला कॉलेजात जावे लागते?’ असे त्यांनी हसत विचारले. तासाभराने मात्र टेपचे दुसरे टोक त्यांच्याच हातात होते.

तिने दाखवलेली रीत अशी. झाडाचा घेर जमिनीपासून 1.37 मीटर उंचीवर, म्हणजे छातीच्या पातळीवर घ्यायचा. झाड उतारावर असेल तर ही उंची चढाच्या बाजूने धरायची. झाडाची उंची मोजायला साधी काठीही पुरते. डोळ्यापासून मुठीपर्यंत जेवढे अंतर, तेवढीच काठी मुठीच्या वर उभी ठेवायची आणि हात सरळ धरायचा. काठीचे खालचे टोक बुंध्याशी आणि वरचे शेंड्याशी जुळेपर्यंत मागे सरकायचे. जमीन सपाट असेल तर आपण झाडापासून जितके दूर, साधारण तितकीच झाडाची उंची.

पुढचा हिशेब ऐकून चाचा गप्प झाले. लाकडाच्या ओंडक्याचे माप काढताना घेराचा चौथा हिस्सा घेऊन त्याचा वर्ग करायचा आणि लांबीने गुणायचे, अशी एक जुनी रीत आहे. घेर 80 सेंटिमीटर आणि लांबी 3 मीटर असेल, तर या रीतीने 0.12 घनमीटर लाकूड भरते. गोल ओंडक्याचे खरे घनफळ काढले तर ते सुमारे 0.153 घनमीटर येते. म्हणजे खऱ्या लाकडाचा पाचवा हिस्सा या मापात धरलाच जात नाही. यात लबाडीच असते असे नाही. तासताना काही लाकूड वाया जाते, हे त्यात गृहीत असते. पण दर कोणत्या मापावर ठरला आहे, हे विकणाऱ्याला ठाऊक नको का?

दापोलीचे वनशास्त्र महाविद्यालय डॉ. बाळासाहेब सावंत कोकण कृषी विद्यापीठाचा भाग आहे. हे विद्यापीठ 1972 साली स्थापन झाले. वनशास्त्राची पदवी चार वर्षांची आहे आणि तिचा बराच भाग फळ्यासमोर शिकताच येत नाही. सागाच्या बीचे कवच टणक असते. ते आळीपाळीने भिजवून उन्हात वाळवावे लागते, तेव्हा रुजवा सुधारतो. किती भिजवायचे, हे रोपवाटिकेत दोनदा चुकल्यावरच नीट कळते. मातीचे थर पाहायला खड्ड्यात उतरावे लागते. झाडांचे नमुने दाबून, वाळवून, नाव लिहून जपावे लागतात. बांबूच्या बेटातली या वर्षीची कोवळी काठी कोणती आणि तोडायला योग्य अशी तीन वर्षांची कोणती, हे हाताने आणि डोळ्यांनीच ओळखायचे असते. कोवळी काठी तोडली की पुढचे कोंब कमी होतात आणि बेट खंगत जाते.

शेवटच्या वर्षी तर वर्गच बाहेर भरतो. विद्यार्थी गावात राहून लोकांचे जंगलावरचे अवलंबन समजून घेतात, वन विभागाच्या परिक्षेत्रात काम पाहतात, लाकूड आणि वनोपजांच्या उद्योगांत जातात. रोपे तयार करून विकण्यासारखा एखादा छोटा उद्योगही ते स्वतः चालवून पाहतात. कृषी शाखांच्या अशा अनुभवशिक्षणाला 2015 मध्ये केंद्र सरकारने ‘स्टुडंट रेडी’ या नावाखाली एकत्र आणले.

ज्यांचे घर दर्यावर चालते, त्यांच्यासाठी याच विद्यापीठाचे मत्स्य महाविद्यालय रत्नागिरीजवळ शिरगावला आहे. जाळ्याचा आस हाताने मोजला की बरेच काही उलगडते. ट्रॉल जाळे ओढताना त्याच्या शेपटाकडचा शंकरपाळ्याच्या आकाराचा आस ताणून मिटतो आणि बारीक पिल्लेही अडकतात. चौकोनी आस उघडा राहतो, त्यातून पिल्ले निसटतात. आज निसटलेले पिल्लू उद्याची मासळी असते. अनुभवी नाखव्याला हे सांगावे लागत नाही, पण सरकारी बैठकीत तेच मापासकट मांडणारा मुलगा घरात असला तर नाखव्याच्या शब्दाला वजन येते.

बारावी विज्ञानाचा निकाल लागला की आपल्या घरांत डॉक्टर आणि इंजिनिअर या दोनच शब्दांची चर्चा होते. ते जमले नाही की आखाताचा व्हिसा. आखातातल्या कमाईने आपली घरे उभी राहिली, तिला आम्ही नावे ठेवणार नाही. पण मागे राहिलेली जमीन, बाग आणि डोंगर कोणाच्या भरवशावर आहेत? या पदवीच्या प्रवेशासाठी राज्याची सीईटी द्यावी लागते, म्हणून अकरावीतच चौकशी सुरू करावी. पुढे वन सेवेच्या स्पर्धा परीक्षा, रोपवाटिका, बांबू आणि लाकूड उद्योग अशा वाटा आहेत.

मुलीला जंगलात कसे पाठवायचे, हा प्रश्न आमच्याही घरात उठला होता. वहिनी स्वतः वसतिगृह पाहून आल्या, शिक्षकांना भेटल्या, सहलीत सोबत कोण असते ते विचारले आणि मग होकार दिला. काळजी असेल तर असेच करावे, नुसत्या ऐकीव गोष्टींवर नकार देऊ नये. भारतीय वन सेवेच्या शारीरिक चाचणीत महिलांना चार तासांत 14 किलोमीटर चालावे लागते. आपल्या आजी-नानी पाण्यासाठी आणि सरपणासाठी किती चालल्या, ते आठवून पाहावे.

माणसाने लावलेल्या झाडाचे फळ माणूस, पक्षी किंवा जनावर खाते, तेव्हा ते लावणाऱ्यासाठी सदका ठरते, अशी प्रेषित मुहम्मद (स.) यांची शिकवण आहे. कुरआनच्या सूरह मुतफ्फिफीनमध्ये मापात मारणाऱ्यांना कडक ताकीद आहे. ही ताकीद आपण नेहमी दुकानाच्या तराजूपुरती समजतो. पण डोंगरही अल्लाहची अमानत आहे. त्यातून किती काढले आणि किती परत लावले, याचा हिशेब न ठेवणे हेही माप चुकवणेच आहे.

आता चाचांकडे एक वही आहे. उरलेल्या प्रत्येक सागाचा क्रमांक आणि घेर त्यात लिहिलेला आहे. मालकीच्या जमिनीवरचा सागही परवानगीशिवाय तोडता येत नाही, हेही पहिल्या पानावर नोंदले आहे. यंदा पावसाच्या तोंडावर पुतणीने वाढवलेली रोपे रिकाम्या जागी लावायची आहेत. खड्डे खणून झाले आहेत. इन्शाअल्लाह, पुढचा सौदा होईल तेव्हा टेप आमच्या हातात असेल.