स्मिअर निगेटिव्ह, तरी गोचीडताप?

कुत्र्याला ताप, हिरड्या पांढुरक्या, लघवी गडद. पण काचपट्टीवरच्या रक्ताचा, म्हणजे स्मिअरचा, रिपोर्ट निगेटिव्ह. मग गोचिडांमुळे होणारा बबेसिया नाहीच? तसे नाही. ‘बबेसिया गिब्सोनी’ हा तांबड्या पेशींतला परजीवी अगदी बारीक. जुनाट आजारात तो इतका कमी असतो, की सूक्ष्मदर्शकाखाली सापडतच नाही. कानाच्या टोकाचे रक्त घेतले तर शक्यता थोडी वाढते. अँटिबॉडी चाचणीचा घोळ वेगळाच: नवा संसर्ग तिला चुकतो आणि बरा झालेला कुत्राही पॉझिटिव्ह येतो. पीसीआर महाग, पण ती डीएनए शोधते, प्रजातीही सांगते. औषध त्यावरच ठरते, कारण मोठ्या बबेसियावर चालणारे इमिडोकार्ब गिब्सोनीवर फारसे चालत नाही. लक्षणे कायम असतील, तर निगेटिव्ह पीसीआरही काही दिवसांनी पुन्हा करावी लागते.